आईच्या कपाटातल्या तबकड्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फेब्रुवारी २००३ मधली ती सकाळ मला चांगली आठवते. वर्तमानपत्र उघडलं, तर एका तरुण मुलीचा फोटो. हातांत न मावणारे ग्रॅमी पुरस्कार छातीशी कवटाळून ती हसत होती. मथळ्याचा अर्थ एवढाच होता, की पंडित रविशंकर यांच्या मुलीने अमेरिकेत पाच ग्रॅमी पटकावले. आधी वडिलांचं नाव आणि मग तिचं. नोरा जोन्स. वय वर्षं तेवीस आणि अल्बम पहिलाच, ‘कम अवे विथ मी’.

पुढच्या आठवड्यात कामानिमित्त मुंबईला गेलो, तेव्हा काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाऊस’मध्ये शिरून तो अल्बम विकत घेतला. (ते दुकान २०१६ साली बंद झालं. आमच्या पिढीच्या कितीतरी दुपारी तिथे गेल्या.) खरं सांगायचं तर मी अल्बम घेतला तो रविशंकरांच्या नावावर. घरी येऊन ऐकायला बसलो आणि त्या चौदा गाण्यांत मी काय शोधत होतो, तर सतार. निदान एखादा राग, एखादी मींड, कुठे तरी तानपुऱ्याचा भास. काहीच सापडलं नाही. पियानो, गिटार, डबल बास, काठ्यांऐवजी ब्रशने वाजवलेले ड्रम आणि एक सावकाश, जरासा धुरकट आवाज. मी थोडा हिरमुसलो आणि तो अल्बम कपाटात ठेवून दिला.

माझं चुकलं होतं. आणि ते मला, निदान मला तरी, कळायला हवं होतं. त्याचं कारण शेवटी सांगतो.

आधी त्या मुलीची हकिगत. तिचा जन्म न्यूयॉर्कचा, ३० मार्च १९७९ चा. जन्मनाव गीताली नोरा जोन्स शंकर. आई सू जोन्स संगीताचे कार्यक्रम आयोजित करायची. आईवडिलांची ताटातूट झाली आणि आई लेकीला घेऊन टेक्सास राज्यातल्या ग्रेपव्हाइन या गावी राहायला गेली. नोरा वाढली ती तिथे. वडिलांशी तिचा संबंध मधली अनेक वर्षं जवळजवळ नव्हताच. सोळाव्या वर्षी तिने आईवडिलांच्या संमतीने आपलं नाव रीतसर बदललं आणि ती फक्त नोरा जोन्स झाली.

त्या घरात तबकड्यांचा मोठा संग्रह होता. आईचा. त्यात बिली हॉलिडे या थोर जॅझ गायिकेच्या आठ तबकड्यांचा एक संच होता. लहानग्या नोराला त्यातली एक आवडली आणि ती तेवढीच पुन्हा पुन्हा लावत बसायची. पाचव्या वर्षी चर्चच्या समूहगायनात गाणं, सातव्या वर्षी पियानोचे धडे, पुढे डॅलसच्या कलाशाळेत शिक्षण. सोळाव्या वाढदिवशी एका कॉफीहाऊसमध्ये ती लोकांसमोर गायली, तेही बिली हॉलिडेकडून उचललेलं गाणं. मग डेन्टन गावच्या नॉर्थ टेक्सास विद्यापीठात तिने जॅझ पियानोचं शिक्षण घेतलं. हे विद्यापीठ साधंसुधं नव्हे. १९४७ साली या विषयाची पदवी सुरू करणारं ते अमेरिकेतलं पहिलं विद्यापीठ. १९९९ च्या उन्हाळ्यात ती सुट्टीपुरती न्यूयॉर्कला गेली आणि तिथलीच झाली. हॉटेलात पाहुण्यांना वाढायचं, रात्री छोट्या क्लबांमध्ये गायचं, असा तिचा क्रम होता.

आता टेक्सासविषयी थोडं सांगायला हवं, कारण या अल्बमचं मूळ तिथल्या मातीत आहे. आपल्याला बाहेरून वाटतं की जॅझ हे शहरातलं, काळ्या लोकांचं संगीत आणि कंट्री हे खेड्यातल्या गोऱ्या लोकांचं. दुकानात त्यांचे कप्पे वेगळे. पण टेक्सासमध्ये ही भिंत फार पूर्वीच पडली होती. १९३० च्या दशकात बॉब विल्स नावाच्या फिडलवादकाने खेड्यातल्या नाचाच्या संगीतात जॅझचा ठेका आणि उत्स्फूर्त वादन आणलं. त्याला पुढे ‘वेस्टर्न स्विंग’ म्हणू लागले. १९७८ साली टेक्सासच्याच विली नेल्सनने ‘स्टारडस्ट’ हा अल्बम काढला. तो कंट्रीचा बिनीचा गायक, पण त्यात त्याने गायली ती जॅझवाल्यांची जुनी आवडती गाणी. आणि त्याही आधी, १९६२ साली, रे चार्ल्सने उलट दिशेने हेच केलं होतं. रिदम अँड ब्लूज गाणारा हा कृष्णवर्णी अंध कलावंत कंट्रीची गाणी आपल्या ढंगात गायला, तेव्हा कंपनीतल्या माणसांना हा वेडेपणा वाटला होता. ‘मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक’ हा तो अल्बम. त्याने इतिहास घडवला.

म्हणजे नोराच्या कानावर पडत होतं ते आधीच मिसळलेलं पाणी. तिने प्रयोगशाळेत बसून दोन शैलींचं मिश्रण केलं नाही. आपल्याकडे ‘फ्यूजन’ म्हटलं की बऱ्याचदा एका बाजूला तबला आणि दुसऱ्या बाजूला ड्रम बसतात आणि आळीपाळीने वाजवून टाळ्या घेतात. या अल्बममध्ये तसा जोड कुठे दिसतच नाही.

तीन गाण्यांची उदाहरणं देतो. ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ हे गाणं हँक विल्यम्सचं. कंट्री संगीतातलं हे मोठं नाव, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, १ जानेवारी १९५३ रोजी गेलेला माणूस. नोराने त्या गाण्यातला खेडवळ हुंदका काढून टाकला, खाली डबल बासची चाल ठेवली आणि ते अर्ध्या रात्री क्लबमध्ये म्हणावं तसं म्हटलं. दुसरं ‘टर्न मी ऑन’. हे जॉन लाउडरमिल्कचं गाणं १९६० च्या दशकात नीना सिमोनने गाऊन आपलंसं केलं होतं. नोराने ते पुन्हा टेक्सासच्या रस्त्यावर आणून सोडलं. आणि शेवटचं ‘द निअरनेस ऑफ यू’. होगी कारमायकेलची ही चाल १९४० च्या सुमाराची. इथे बाकीची वाद्यं उठून जातात. फक्त तिचा आवाज आणि तिचाच पियानो. चौदावं गाणं संपतं, तेव्हा खोलीत आपण एकटेच उरलेले असतो.

बाकीची बहुतेक गाणी तिची आणि तिच्या सोबत्यांची. गाजलेलं ‘डोन्ट नो व्हाय’ जेसी हॅरिसचं. हा न्यूयॉर्कचा गीतकार तिला डेन्टनमध्येच भेटला होता. काही गाणी बासवादक ली अलेक्झांडरची. अल्बमला नाव देणारं गाणं तिचं स्वतःचं.

मग यात जॅझ कुठे आहे? ते शब्द टाकण्यात आहे. शब्द तालाच्या ठोक्यावर न आपटता, ठोका जाऊ द्यायचा आणि मग किंचित रेंगाळून यायचं. ठुमरी किंवा भावगीत मन लावून ऐकणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बिली हॉलिडेचं सगळं गाणं या रेंगाळण्यावर उभं होतं. ती आठातली एक तबकडी इथे ऐकू येते.

आता हा अल्बम तयार कसा झाला ते सांगतो. तो काढला ‘ब्लू नोट’ या कंपनीने. जॅझच्या इतिहासात या नावाला फार मोठा मान आहे. अल्फ्रेड लायन हा बर्लिनहून अमेरिकेत आलेला ज्यू तरुण. त्याने १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी सुरू केली. त्याचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ त्याच वर्षी नाझी जर्मनीतून निसटून त्याला येऊन मिळाला. या दोन परक्यांनी थेलोनियस मंक, आर्ट ब्लेकी, होरेस सिल्व्हर अशा काळ्या कलावंतांचं संगीत जपलं. गायकांच्या तबकड्या मात्र त्यांनी फार थोड्या काढल्या. १९६२ साली ध्वनिमुद्रित झालेला शीला जॉर्डनचा अल्बम हा त्यातला ठळक अपवाद. पुढे कंपनी थंडावली. १९८० च्या दशकाच्या मध्यात ब्रूस लुंडव्हाल यांनी तिला पुन्हा उभं केलं. १९९३ साली कॅसँड्रा विल्सन या गायिकेचा ‘ब्लू लाइट टिल डॉन’ हा अल्बम तिथून निघाला, त्यात ब्लूज, लोकसंगीत आणि जॅझ एकत्र नांदत होते. वाट थोडी मळली होती.

लुंडव्हाल यांनी नोराला घेतलं. ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या ‘सॉर्सरर साउंड’ स्टुडिओत काही गाणी नुसती नमुना म्हणून ध्वनिमुद्रित झाली. मग खरा अल्बम करण्यासाठी क्रेग स्ट्रीट हे निर्माते आले. कॅसँड्रा विल्सनचा अल्बम करणारे हेच. न्यूयॉर्कपासून दूर डोंगरातल्या ‘अलेअर’ स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. बिल फ्रिसेलसारखा गिटारवादक, ब्रायन ब्लेडसारखा ड्रमवादक, सगळी एकाहून एक नामांकित मंडळी. काम चांगलं झालं होतं. पण कंपनीतल्या लोकांनी ते ऐकलं आणि त्यांना चुकल्या चुकल्यासारखं वाटलं. नमुन्यात जी साधी मुलगी पियानोशी बसून गात होती, ती या सुंदर वाद्यांच्या मागे गेली होती.

विचार करा, बावीस वर्षांची मुलगी, पहिला अल्बम, पैसा खर्च झालेला, आणि कंपनी म्हणते पुन्हा करू या. कुणाचंही अवसान गळालं असतं. या वेळी बोलावलं आरिफ मार्डिन यांना. हे मूळचे इस्तंबूलचे. जॅझच्या ओढीने तरुणपणी अमेरिकेत आले आणि ॲटलांटिक कंपनीत ॲरेथा फ्रँकलिनपासून बी जीजपर्यंत कितीतरी जणांचे अल्बम त्यांनी घडवले. वय तेव्हा एकोणसत्तर. एवढ्या मोठ्या माणसाला आपली छाप उमटवण्याचा मोह सहज झाला असता. त्यांनी केलं काय? शक्य तितकं कमी. वाद्यांची गर्दी टाळली, नोराची रोजची साथीदार मंडळी आणि तिचा पियानो यांना पुढे येऊ दिलं. आणि ‘डोन्ट नो व्हाय’ गाण्याचं तर नमुना म्हणून झालेलं ध्वनिमुद्रणच थोडी भर घालून अल्बममध्ये ठेवलं. जगभर वाजलेलं ते गाणं म्हणजे रंगीत तालीमच होती म्हणा ना. स्ट्रीट यांच्या ध्वनिमुद्रणांतली तीन गाणीही अंतिम अल्बममध्ये आली. उरलेलं डोंगरातलं काम वीस वर्षं बंद राहिलं आणि २०२२ साली अल्बमच्या विसाव्या वर्षानिमित्त प्रसिद्ध झालं. आज दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येतात. डोंगरातलं ध्वनिमुद्रण ऐकताना वादकांना दाद द्यावीशी वाटते. बाजारात आलेला अल्बम ऐकताना दाद द्यायची आठवणच राहत नाही.

२६ फेब्रुवारी २००२ रोजी अल्बम बाजारात आला. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत त्याचा प्रवेश झाला तो १३९ व्या क्रमांकावर. कुणी ढोल वाजवले नाहीत. न्यूयॉर्कवरचा ११ सप्टेंबरचा घाव जेमतेम साडेपाच महिन्यांचा होता. लोकांना हळू आवाजात बोलणारं कुणी तरी हवं होतं, असं अनेकांनी नंतर लिहिलं. मला ते पटतं. कानोकानी होत होत वर्षभराने, जानेवारी २००३ मध्ये, अल्बम पहिल्या क्रमांकावर पोचला. पुढच्या महिन्यात ग्रॅमी. अल्बमच्या वाट्याला एकूण आठ पुरस्कार आले, त्यांतले पाच नोराचे. एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळवणाऱ्या स्त्रिया तोवर दोनच होत्या, लॉरिन हिल आणि अलिशिया कीज. उत्कृष्ट गाण्याचा पुरस्कार जेसी हॅरिसला आणि निर्मात्याचा मार्डिन यांना मिळाला. अल्बमच्या प्रती जगभर अडीच कोटींच्या पुढे गेल्या.

जॅझच्या कर्मठ मंडळींनी अर्थातच नाकं मुरडली. हे कसलं जॅझ? खुद्द ग्रॅमीवाल्यांनीही तिचे दोन पुरस्कार पॉप विभागात दिले होते. मला या वादात फार रस नाही. एवढं मात्र खरं, की तिच्या यशानंतरच्या एक-दोन वर्षांत अल ग्रीन, व्हॅन मॉरिसन आणि विंटन मार्सालिस यांचे अल्बम त्याच ब्लू नोटकडून आले. जॅझ, सोल आणि रॉक एका छपराखाली. लायन आणि वुल्फ यांचं घर मोठं झालं.

आता वडिलांकडे येतो. रविशंकरांचा जॅझशी संबंध नव्हता असं नाही. जॉन कोल्ट्रेन त्यांच्या संगीताने इतका भारावला होता, की १९६५ साली झालेल्या मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जॉर्ज हॅरिसनसोबत त्यांनी मैफल केली आणि तिच्या अल्बमला १९७३ साली वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. बरोबर तीस वर्षांनी त्यांच्या मुलीला तोच पुरस्कार मिळाला आणि सोहळा होता त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. असा योग दिसला की आपल्याला लगेच रक्ताचा धागा दिसू लागतो.

पण मग स्वतः रविशंकरांचं काय? त्यांना सतार रक्तातून मिळाली का? दहाव्या वर्षापासून ते थोरले बंधू उदयशंकर यांच्या नृत्यपथकासोबत पॅरिसमध्ये होते, नाचत होते. १९३८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते सगळं झगमगतं जग सोडून मैहरला बाबा अलाउद्दीन खाँ यांच्या पायाशी जाऊन बसले. घराणं म्हणजे ते. कुणाच्या पोटी जन्मलात याला तिथे किंमत नाही, कुणाजवळ बसून ऐकलंत याला आहे. त्यांची धाकटी मुलगी अनुष्का त्यांच्याजवळ बसून सतार शिकली, ती त्या घराण्याची. २००३ च्या त्याच ग्रॅमीसाठी तिच्याही अल्बमला नामांकन होतं. आणि नोरा? ती बिली हॉलिडेच्या, रे चार्ल्सच्या, विली नेल्सनच्या घराण्याची, आणि त्या घराण्याचा उंबरठा होता आईचं तबकड्यांचं कपाट. रे चार्ल्सच्या अखेरच्या अल्बममध्ये ती त्यांच्यासोबत गायली. २००४ साली ते गेले आणि पुढच्या वर्षी त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. मला विचाराल तर तिच्या घराण्याची ती दाद होती.

बापलेकींमध्ये पुढे स्नेह वाढला. बहिणींमध्येही. २००७ साली अनुष्काने कर्ष काळेबरोबर अल्बम केला. हा मराठी आईवडिलांचा, इंग्लंडात जन्मलेला आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेला कलावंत. त्यातलं एक गाणं नोरा गायली. डिसेंबर २०१२ मध्ये रविशंकर गेले. त्यानंतर आलेल्या अनुष्काच्या अल्बममध्येही नोराचा आवाज आहे. मार्च २०१३ मध्ये ती मुंबईत गाऊन गेली. तीच टेक्सासची गाणी.

सुरुवातीला म्हणालो होतो, माझी चूक मला तरी कळायला हवी होती. त्याचं कारण असं. माझे वडील गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. मी थोडंफार गाऊ लागलो तेव्हा जो तो म्हणायचा, “बापाची पेटी पोराच्या गळ्यात उतरली.” वडील भजनाला जायचे ते रात्री, तेव्हा मी झोपलेलो असायचो. दिवसा घरात गाणं असायचं ते आईचं. तिने कधी वाद्याला हात लावला नाही. पण देवळीतला रेडिओ सकाळपासून चालू असायचा आणि भाकरी थापता थापता ती त्यातली गाणी म्हणायची. ‘आपली आवड’ लागलं की माझा अभ्यास बंद. कुठे थांबायचं, कुठला शब्द हलकेच सोडायचा, हे मी चुलीजवळ बसून तिचं ऐकून उचललं.

पुढे एकदा गावाने माझा छोटासा सत्कार केला. माईकवर विचारलं, “गुरू कोण?” मी सहज वडिलांचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. आई पहिल्या रांगेत बसली होती. तिनेही टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर एका शब्दाने ती काही बोलली नाही, आणि मीही नाही. २००९ साली ती गेली.

नोराचा अल्बम मी दुसऱ्यांदा ऐकला तो त्यानंतर, घर आवरताना. या वेळी सतार शोधली नाही. आता रेडिओवर बोलायची संधी आलीच आहे, तर तेव्हा माईकवर चुकलेलं उत्तर इथे दुरुस्त करतो. गाणं मी आईकडून शिकलो.